काही करत नाही तो!

आमच्या दादरच्या इमारतीत लिफ्टचं दार उघडलं की आधी एक जीभ बाहेर येते, मग दात, मग उरलेला कुत्रा आणि सगळ्यात शेवटी त्याचे मालक. तोवर आपण पालीसारखे भिंतीला चिकटलेले असतो. मालक प्रसन्न हसून म्हणतात, "काही करत नाही तो!"

हे वाक्य म्हणजे कुत्र्याच्या वतीने मालकाने केलेलं प्रतिज्ञापत्र. त्यावर कुत्र्याची सही कधीच नसते.

मला वाटायचं, हे वाक्य अस्सल आपलं. यंदा लेकीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेलो तेव्हा कळलं, ते तिथेही चालतं. फक्त तिथे म्हणतात, "ही इज फ्रेंडली!" आम्ही गेलो होतो नातवंडाच्या आशेने. विमानतळावर लेक म्हणाली, "बाबा, मोदक केव्हाची वाट बघतोय!" सौ.च्या डोळ्यांत पाणी आलं. घरी पोचल्यावर मोदक 32 किलोंचा लॅब्रॅडॉर निघाला. सौ.चं पाणी आटलं आणि मोदकला सकाळी फिरवायचं खातं माझ्याकडे आलं.

फिरवायची जागा मात्र झकास. गोल्डन गेट पुलाच्या अलीकडे, समुद्राला लागून क्रिसी फील्ड नावाचं मैदान आहे. पूर्वी तिथे लष्कराची विमानं उतरायची, आता ते राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे. या खात्याचा देशभरचा नियम साधा: कुत्रा सहा फुटांच्या आतल्या पट्ट्याला बांधलेला हवा. पण इथल्या काही भागांत 1979 सालच्या धोरणाने कुत्र्यांना मोकळीक मिळाली. अट एकच, कुत्रा मालकाच्या आवाजाच्या हुकमात असला पाहिजे. हा हुकूम मी रोज पाहिला. मालक पाचदा हाका मारतो. कुत्रा एकदा मान वळवून बघतो, दुपारी दीड वाजता बँकेच्या काउंटरमागचा माणूस बघतो तसा. आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो.

याच मैदानात 6 ऑगस्ट 2012 रोजी चार्ली नावाचा, पिटबुलच्या गोतातला एक मोकळा कुत्रा स्टोनी नावाच्या पोलिसी घोड्यावर धावून गेला. घोडा गस्तीवर होता. पाठीवरचा स्वार खाली आपटून जखमी झाला. घोडा तबेल्याच्या दिशेने उधळला, कुत्रा त्याच्यामागे. पायांना आणि पोटाला चावे. घोडामैदान जवळ असणं म्हणजे काय, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

पोलिसी घोडा काही लेचापेचा नसतो. त्याला ढोल, फटाके, धूर, फडफडते झेंडे आणि अंगावर येणारी गर्दी यांची सवय लावलेली असते. शिवाय सरकारी नोकरीत असूनही त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. अगदी नाकापुढचं आणि शेपटीमागचं तेवढं दिसत नाही. पण वंश गवत खाणाऱ्यांचा, शिकार होणाऱ्यांचा. पायाशी दात आले की प्रशिक्षण बाजूला राहतं आणि दोनच उपाय उरतात: पळ काढ, नाहीतर लाथ घाल. सुमारे पाचशे किलोंच्या जनावराची लाथ वर्मी बसली, तर पुढच्या सुनावणीला कुत्रा हजरच राहू शकत नाही. "काही करत नाही तो" म्हणणारे हा मुद्दा हटकून विसरतात. तुमचा काही करत नसेल हो, पण समोरच्याने काही केलं तर?

आता सुनावणीचं. त्या शहरात धोकादायक कुत्र्यांचा निवाडा करायला वेगळा अधिकारी असतो. त्याने चार्लीला मृत्युदंड सुनावला. मग शहर पेटलं. ऑनलाइन अर्जावर एक लाखाहून जास्त सह्या पडल्या. साहजिक आहे. शहराचं नावच मुळी संत फ्रान्सिसचं. प्राण्यांचे कैवारी म्हणून ते ख्यात, आणि गुब्बियो गावाला छळणाऱ्या लांडग्याशी त्यांनी तह घडवून आणल्याची आख्यायिका आहे. त्या तहात, लांडग्याने कोणाला खायचं नाही आणि गावाने त्याला रोज खाऊ घालायचं, असं ठरलं होतं. भक्तांनी दुसरं कलम मनापासून पाळलं. पहिलं कलम लांडग्याला वाचून दाखवायचं मात्र राहून गेलं असावं.

खटले, अपिलं झाली. जानेवारी 2013 मध्ये तडजोड झाली. मालकाने कुत्र्यावरचा हक्क सोडला, चार्लीचा जीव वाचला. वाचला ते बरंच झालं. चूक पट्टा सोडणाऱ्याची आणि फाशी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, हा न्याय मलाही पटणारा नव्हता.

मला खटकलं ते दुसरंच. त्या लाख सह्यांमध्ये घोडा कुठे होता? कुत्र्याला घर होतं, सोफा होता, सोफ्यावरचा फोटो होता. घोड्याला होतं फक्त खातं. सोफ्यावरच्या जिवाला लळा लागतो, खात्यातल्या जिवाला नंबर लागतो. स्टोनीचं सेवापुस्तक आपल्या मंत्रालयात असतं, तर नोंद अशी झाली असती: 'दुखापत: कर्तव्यावर असताना. रजा: वैद्यकीय, अर्जित रजेतून वळती. लोकांची सहानुभूती: निरंक.' आणि खाली शेरा: 'सदर घोड्याने श्वानाच्या दातांसमोर पाय आणल्याबाबत खुलासा सादर करावा.'

नियम करायला उद्यान खात्याने कसूर केली असं मात्र नाही. या परिसरातल्या कुत्र्यांचं काय करावं, यावर 2011 साली आलेला मसुदा दोन हजारांहून अधिक पानांचा होता. 2016 मध्ये नवा नियम प्रस्तावित झाला आणि 2017 मध्ये सगळं बासनात गेलं. वरातीमागून घोडं आपण पाहिलेलं आहे. इथे घोडं पुढे निघून गेलं, कुत्रं त्याच्यामागे गेलं आणि वरात अजून मसुदाच वाचते आहे. घोडं गंगेत न्हालं नाही ते नाहीच. कुत्री मात्र रोज समुद्रात न्हाऊन येतात आणि अंग झाडतात ते पर्यटकांवर.

क्रिसी फील्डच्या बाकावर बसून मला राहून राहून जेजुरी आठवत होती. आमच्या देवघरातली तसबीर बघा. खंडेराया घोड्यावर, सोबत म्हाळसा, पायाशी कुत्रा. मणी दैत्याने मरताना आपला पांढरा घोडा देवाला दिला, असं सांगतात. म्हणजे घोडा शत्रूकडून आलेला, कुत्रा घरचा, तरी तसबिरीत दोघांची एकमेकांबद्दल एकही तक्रार नाही. कुत्रा चावतोय, पण दैत्याला! कोणाला चावायचं याचा जीआर त्या कुत्र्याला आधीच पोचलेला आहे. कारण उघड आहे: मालक स्वतः जागेवर हजर आहे, तोही तलवार घेऊन. मोबाइल घेऊन नव्हे.

आमच्या मुंबईतही 1932 साली बंद झालेलं पोलिसांचं अश्वदल 88 वर्षांनी पुन्हा उभं करायचं ठरलं आणि 2020 च्या प्रजासत्ताक दिनाला शिवाजी पार्कात घोडे दिसले. घोड्यांना फटाक्यांची सवय होईल, लाउडस्पीकरची होईल, भाषणांचीही होईल. पण कट्ट्यावर बसून पट्टा स्वतःच्या गळ्यात अडकवलेल्या आणि कुत्रा मैदानभर सोडलेल्या दादरकराची सवय कोणत्या पागेत लावणार?

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं असतं. पण परतायच्या आदल्या दिवशी मोदकने माझ्याकडे असं काही पाहिलं, की माझाही हात पट्ट्याच्या कडीकडे गेला. जाऊ दे बिचारा, दोन मिनिटं! कडी सुटली आणि 32 किलोंचा मोदक सुटला तो थेट सँडविच खाणाऱ्या एका चिमुरड्याकडे. पोरगं किंचाळलं. मी माझ्या आवाजाचा हुकूम वापरून पाहिला. मोदकने बँकवाल्यासारखं एकदा बघून घेतलं. धापा टाकत मी पोचलो तेव्हा सँडविच संपलं होतं, पोराच्या आजी पदर खोचून मध्ये उभ्या होत्या. साडीखाली स्पोर्ट्स शूज. घाबरून माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "काही करत नाही हो तो!"

आजींनी मला चपलेपासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि शुद्ध सदाशिव पेठेत म्हणाल्या,

"तो नसेल करत. तुम्ही तरी काहीतरी करा!"