पूर्ण पैसे आज, बाकीचा गेम सीझनमध्ये

प्रति,
पूर्ण किमतीचे मल्टिप्लेअर गेम काढणाऱ्या तमाम कंपन्यांचे मा. संचालक

विषय: अर्ध्या गेमचे पूर्ण पैसे घेतल्याबद्दल आभार मानणेबाबत.

महोदय,

अर्जदार जाम, ता. समुद्रपूर, जि. वर्धा येथील रहिवासी असून, नागपूरहून येणारा हमरस्ता जिथे हैदराबादकडे आणि चंद्रपूरकडे फुटतो, त्या चौरस्त्याजवळ राहतो. गावातली पोरं मोबाइलवर बीजीएमआय खेळतात, तेही फुकट. अर्जदाराला मात्र महागड्या गेमची हौस. सोनीच्या पीएस5वरच्या मोठ्या गेमची भारतातली किंमत 4,999 रुपये. म्हणजे रोजगार हमीच्या 2025-26 मधल्या 312 रुपये दराने सोळा दिवसांची मजुरी. एवढ्या पैशांत पहिल्या दिवशी नेमका किती गेम मिळतो, हे विचारण्याचा आगाऊपणा अर्जदार करणार नाही. तो फक्त आभार मानतो.

पहिला मान ईए कंपनीचा. नोव्हेंबर 2015 मध्ये त्यांचा ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट’ आला. किंमत 60 डॉलर, लढायला चार ग्रह, कथेची मोहीम नाही. पुढचा माल हवा असेल तर 50 डॉलरचा सीझन पास वेगळा. मोहीम का नाही? तर डिसेंबरातल्या सिनेमाच्या जोडीनं गेम दुकानात हवा होता, असा खुलासा कंपनीनंच पुढे केला. मुहूर्त टळला नाही, हे काय कमी झालं?

नोव्हेंबर 2021 चा त्यांचाच ‘बॅटलफिल्ड 2042’ तर त्याहून दिलदार. एका लढाईत 128 खेळाडू, पण नवे मॅप सात. मोहीम याही वेळी नाही. आपल्याच तुकडीतल्याशी बोलायची सोय गेममध्ये नाही. कोणी किती मारले आणि कोण किती वेळा मेला, हे सांगणारा नेहमीचा स्कोअरबोर्डसुद्धा नाही. कच्च्या खेळाडूची अब्रू झाकण्याची ही काळजी कोण घेतं हो? नवा स्कोअरबोर्ड मार्चमध्ये आला, बोलणं एप्रिलमध्ये सुरू झालं आणि नवा मॅप घेऊन पहिला सीझन उगवला 9 जून 2022 ला. जामच्या एखाद्या ढाब्यावर थाळीचे पूर्ण पैसे घेऊन लोणचं-लिंबू मांडलं आणि ‘भाजी जूनमध्ये’ असं सांगितलं, तर ट्रकवाले काय बोलतील ते या अर्जात लिहिता येत नाही.

अर्जदार मॅप मोजत बसणारा नव्हे. मार्च 2017 मध्ये पबजी एकाच मॅपवर उभा राहिला, पण ‘काम चालू आहे’ असं सांगून, 30 डॉलरला. मे 2016 चा ‘ओव्हरवॉच’ही मोहिमेविना आला. पण त्यात 21 हिरो होते, नंतरचे हिरो आणि मॅप फुकट मिळाले, आणि त्याच मॅपवरचा दुसरा डाव पहिल्यासारखा होत नसे. उलट सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ पाहा. 16 पात्रं, 40 डॉलर, 23 ऑगस्ट 2024 ला बाजारात आणि 6 सप्टेंबरला बंद, पैसे परत. माल होता, गिऱ्हाईक नव्हतं.

इथंच खरी मेख आहे. या गेममध्ये समोरचा खेळाडू हाच अर्धा माल. पहिल्या महिन्यात तो कंटाळून निघून गेला, तर जूनमधला नवा मॅप खेळायचा कोणाशी? एकट्याने खेळायचा गेम सेल लागेपर्यंत थांबून घेता येतो. इथे थांबणाऱ्याच्या वाट्याला रिकामी लॉबी येते. म्हणजे पहिल्या दिवशी पैसे मोजणारा ग्राहक गेमही विकत घेतो आणि इतरांसाठी गर्दीही स्वखर्चाने पुरवतो.

पुण्याच्या सुपरगेमिंगने 16 ऑक्टोबर 2024 ला ‘इंडस’ मोबाइलवर आणला, तो मोफत. नाही रुचला तर डिलीट करा, खिशाला चाट नाही. तुमच्या गेममध्ये ती सोय नाही, म्हणून दोनच नम्र मागण्या:

1. पहिल्या दिवशी जेवढे मॅप, मोड आणि पात्रं मिळतील, तेवढ्यांचाच आकडा पाकिटावर किमतीशेजारी छापावा. पुढे काय येणार याचा रोडमॅप छापू नये.

2. सर्व्हर किमान किती वर्षं चालेल, तेही छापावं. युबिसॉफ्टने 2014 मध्ये विकलेला ‘द क्रू’ मार्च 2024 अखेर बंद झाला, आणि एकट्याने खेळणाऱ्यांनाही तो उघडेना.

योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.

आपला आज्ञाधारक ग्राहक,
जाम चौरस्ता

सोबत: सध्या काही नाही. जोडपत्रं सीझन 1 मध्ये पाठवण्यात येतील.