सेकंदाधिकरण : नॉमिनॅटिमच्या शर्तींची संक्षिप्त मीमांसा

विषय. ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 साली इंग्लंडात सुरू झालेला, कुणीही भर घालावी असा जगाचा नकाशा. त्यात पत्ता हुडकून देणारी प्रणाली म्हणजे नॉमिनॅटिम. तिच्या सार्वजनिक सर्व्हरला कोणाचेही अ‍ॅप पत्ता विचारू शकते. एपीआय-की लागत नाही, पैसे पडत नाहीत. शर्ती तेवढ्या पाळायच्या. त्यांतले मुख्य सूत्र असे : सेकंदाला फार तर एक प्रश्न. वरवर पाहता यात मीमांसा करण्याजोगे काहीच नाही; पण काहीच नसते तेथेच पांडित्याला खरा वाव असतो.

अधिकारविचार. शर्ती वाचणारा मनुष्य मुळात अस्तित्वात आहे काय? 2010 च्या 1 एप्रिलला गेमस्टेशन या ब्रिटिश दुकानाने ऑनलाइन खरेदीच्या शर्तींत, ग्राहकाचा अमर आत्मा दुकानाच्या नावे होईल, असे कलम घुसडले. साडेसात हजारांच्या आसपास ग्राहकांनी ते बिनबोभाट मान्य केले. आत्मा अविनाशी असल्याचे आपल्या आचार्यांनी सिद्ध केले खरे, पण तो 'आय अ‍ॅग्री' दाबून हस्तांतरित होतो काय, यावर एकाचेही भाष्य नाही. दुकानाने पुढे हक्क सोडून दिल्यामुळे हा वाद येथेच थांबवू.

संशय. सेकंदाला एक, पण एक कोणाचा?

पूर्वपक्ष म्हणतो : माझ्या अ‍ॅपचे हजार वापरकर्ते. प्रत्येकाने सेकंदाला एकच प्रश्न विचारला. व्यक्तिशः कोणीही दोषी नाही, सबब हजारांची बेरीजही निर्दोष.

उत्तरपक्ष : हा युक्तिवाद चतुर असला तरी टिकत नाही. मर्यादा अख्ख्या अ‍ॅपला आहे, सर्व वापरकर्त्यांची बेरीज धरून, हे शर्तींतच लिहिले आहे. पूर्वपक्षाने तेवढा परिच्छेद वाचायचा ठेवला होता.

अक्षराधिकरण. वापरकर्ता 'सदाशिव पेठ' टाइप करतो. मात्रा आणि मधली मोकळी जागा धरून दहा कळा. दर कळेला विचारणा पाठवली, तर एका पेठेपायी दहा प्रश्न, तेही तीनचार सेकंदांत. 'सद' नावाचे काही आहे की काय, हे पाहायला सर्व्हरने सारी पृथ्वी धुंडाळायची, आणि वापरकर्ता तोवर 'सदाशि'वर पोचलेला. म्हणून या सर्व्हरवर टाइप होता होता सूचना देणे निषिद्धच आहे. पूर्ण नाव लिहा, मग विचारा. आणि मिळालेले उत्तर कॅशमध्ये ठेवा. तीच पेठ पुन्हा पुन्हा विचारणाऱ्याला बिघडलेला समजून बाहेर काढता येते.

नामाधिकरण. दर रिक्वेस्टीसोबत अ‍ॅपने आपली ओळख द्यावी. पूर्वपक्षाला वाटते, पायथनच्या लायब्ररीने आपसूक लावलेले नाव पुरे. ते पुरत नाही : सोसायटीच्या वहीत नावाच्या रकान्यात 'माणूस' असे लिहिण्याची ही तऱ्हा झाली, खोटे नाही, पण वॉचमन सोडत नाही.

श्रेयाधिकरण. नकाशा ज्यांनी भरला त्या ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदात्यांचा उल्लेख पडद्यावर हवा. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत उल्लेख करणारा एक पंथ आहे. त्याचे म्हणणे, उल्लेख करा म्हटले आहे, दिसू द्या म्हटलेले नाही. या पंथाशी वाद घालू नये. त्याच्या पानाची पार्श्वभूमी काळी करावी.

प्रायश्चित्त. अति प्रश्नांबद्दल वेबच्या नियमांत 429 हा आकडा 2012 पासून नेमलेला आहे. सोबत किती वेळ थांबायचे तेही सांगता येते. अडाणी लूप मात्र 429 मिळताच तत्क्षणी पुन्हा विचारतो, त्यावर पुन्हा 429 मिळवतो, आणि पश्चात्तापाचाही वेग मर्यादेबाहेर नेतो.

निर्णय. सर्व्हर देणग्यांवर चालतो. दिवसाचे सेकंद 86,400. त्याहून अधिक उत्तरे आज्ञाधारकाला मिळायची नाहीत. एवढीही कोणी घाऊक उपसू नयेत, कारण तेच सेकंद इतरांनाही हवे असतात. ज्याला दम धरवत नाही त्याला मार्ग बंद नाही : नॉमिनॅटिमचा कोड खुला आहे, नकाशाचा डेटाही. एक टेराबाइटच्या घरातली डिस्क आणि 128 जीबी रॅम आणून अख्खी पृथ्वी स्वतःच्या सर्व्हरवर चढवावी.

फलश्रुती. जो हे अधिकरण वाचून कोडमध्ये एका सेकंदाचा विराम घालील, त्याचा आयपी पत्ता अबाधित राहील. जो नुसते वाचील, त्याला 429 मिळेल. आणि जो न वाचताच खूण करील, त्याने निदान आत्म्याचे कलम तरी तपासून घ्यावे.