बुधवारी सुशीला

ऑफिसात स्वयंपाकाचं प्रात्यक्षिक करून दाखवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं आहे. आधी हे तुमचं नाव कुणी सुचवलं ते शोधून ठेवा. शेवटी कढई घासायची वेळ येते तेव्हा ते नाव उपयोगी पडतं. असे प्रसंग परभणीत आता वरचेवर येतात. सप्टेंबरात पोषण माह असतो, मार्चात महिला दिन असतो, आणि संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे तृणधान्य वर्ष म्हणून साजरं केल्यापासून ज्वारीच्या पदार्थांचं एक टेबल मांडल्याशिवाय कार्यक्रमाचा फोटो पुरा होत नाही.

घरी पंधरा वर्षं रांधतोय, तेव्हा हे सहज जमेल, असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. घरी काय करायचं ते फ्रिज उघडल्यावर ठरतं. ऑफिसात ते तिघं ठरवतात: परिपत्रक, प्लग आणि पंचांग. चवीचा नंबर चौथा.

परिपत्रकापासून सुरुवात करू. राज्य शासनाच्या 2019 च्या आदेशानुसार जेवणाची सुटी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान, आणि ती फक्त अर्धा तास. म्हणजे एका तासाच्या पोटात कुठेतरी लपलेला अर्धा तास. 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हा शनिवारी निवांत करू ही पळवाटही बंद झाली. आता हिशेब मांडा. साहेब येईपर्यंत 5 मिनिटं. गुलाबपुष्प देऊन स्वागत, 4. प्रास्ताविक, 3. (ह्यात अन्न हे पूर्णब्रह्म येणारच, ते टळत नाही.) आभार, 2. खाणं आणि कागदी प्लेट कुठे टाकायची हे विचारत फिरणं, 8. उरली 8 मिनिटं. तुमचा पदार्थ ह्या 8 मिनिटांत बसला पाहिजे. ह्या एका अटीवरच निम्मा महाराष्ट्र बाद होतो.

मग प्लग. गॅसची टाकी ऑफिसात आणायला कुणी परवानगी देत नाही आणि देऊही नये. तेव्हा इंडक्शन शेगडी. पण ही शेगडी 2000 वॅटची असते, पूर्ण चालवली की जवळजवळ 9 अँपिअर ओढते, आणि तुमच्या टेबलाशेजारचा बारका प्लग 6 अँपिअरचा. त्याच बोर्डावर दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि तीन मोबाइल लोंबकळत असतात. एकदा आमच्याकडे मोहरी तडतडायच्या ऐवजी बोर्डच तडतडला. बाजूच्या टेबलावरचे गृहस्थ सकाळपासून एक तक्ता भरत होते आणि तो त्यांनी सेव्ह केला नव्हता. ते आजही माझ्या हातचा चहा घेत नाहीत. तर मोठ्या पिनांचा पॉवर प्लग शोधा. तो इमारतीत सहसा एकच असतो, साहेबांच्या केबिनमध्ये, एसीचा. म्हणून प्रात्यक्षिक साहेबांच्या दारात होतं आणि त्याला 'साहेबांच्या अध्यक्षतेखाली' म्हणतात. मे महिन्यात हा बेत करूच नका. परभणीच्या उन्हात बंद एसीखाली बसलेला साहेब तुमची फोडणी वर्षभर लक्षात ठेवतो.

भांडंही ह्या शेगडीला मानवणारं हवं. लोखंडी कढई चालते. आपण ज्याला 'जर्मनचं' म्हणतो ते ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही. जगात जर्मनी आणि भारतात परभणी हे बाकी सगळीकडे खरं असेल, इंडक्शनवर ती जोडी जमत नाही. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे सूचना फलकावरचं लोहचुंबक काढा आणि भांड्याच्या बुडाला लावा. चिकटलं तर पास. नंतर चुंबक परत लावायला विसरू नका, नाहीतर निवृत्तीच्या निरोप समारंभाची नोटीस पंख्याच्या वाऱ्याने उडते आणि त्या कार्यक्रमाला कुणी येत नाही.

आता पंचांग. सोमवार महादेवाचा. मंगळवार गणपतीचा आणि देवीचा. गुरुवार दत्ताचा, शिवाय साईबाबांचं जन्मगाव मानलं जाणारं पाथरी आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा त्यांचाही. शुक्रवारी संतोषीमातेचं व्रत करणाऱ्या दोघी तरी असतातच, त्यांना आंबट चालत नाही, आणि लिंबू पिळल्याशिवाय तुमच्या पदार्थाला चव येत नाही. राहिला बुधवार. पण त्या बुधवारी एकादशी किंवा संकष्टी नाही ना, हे भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून घ्या. रमजानच्या महिन्यात बेत ठेवू नका. रोजा धरलेला सहकारी शेजारच्या खुर्चीवर असताना लसणाची फोडणी देणं हा पाककलेचा नव्हे, माणुसकीचा प्रश्न आहे. आषाढातली कांदेनवमी उलटली की माळकरी मंडळी चातुर्मासापुरता कांदा-लसूण सोडतात, त्यामुळे कांद्याचं जे काही दाखवायचं ते त्याच्या आत उरका. एवढं सगळं गाळून झालं की मनात एक शंका येते: बुधवारी लोक मटण खातात. खरं आहे. पण ते रात्री, आणि घरी.

दिवस मिळाला, आता पदार्थ. नवशिका माणूस पहिल्यांदा भाकरी म्हणतो. ज्वारीचा जिल्हा, ज्वारीचं वर्ष, इथल्याच कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅटबरोबर काढलेली 'परभणी शक्ती' ही जास्त लोह आणि जस्त असलेली ज्वारी 2018 सालापासून आपल्या नावावर, मग भाकरीच दाखवू की! अजिबात नको. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, ते ताणलं की तुटतं. म्हणून पाणी कढत लागतं, पीठ ताजं लागतं आणि मळायला मनगट लागतं. पिठाची विरी गेली असेल तर भाकरी थापता थापता कडेने भारताच्या नकाशासारखी फाटते. फुगायला जाळ लागतो, तो इंडक्शनला नाही. आणि समोर बसलेत कोण? दात आल्यापासून भाकरी खाल्लेली माणसं. त्यांना भाकरी शिकवणं म्हणजे माशाच्या पिलाला पोहायला शिकवणं. तुमची पहिली भाकरी परातीतून उचलताना मोडली की मागून एक शिपाई मावशी उठतात, 'सरका बरं मॅडम' म्हणतात आणि पुढचं प्रात्यक्षिक त्याच करतात. टाळ्या त्यांनाच मिळतात, आणि त्या रास्तच असतात.

वरणफळं? डाळ शिजायला कुकर, कुकरला शिट्टी, आणि शिट्टीच्या वेळी आत व्हिडिओ कॉन्फरन्स. नको.

भेंडीचा मोह मलाही झाला होता. 'परभणी क्रांती' ही भेंडी आपल्याच विद्यापीठाची, 1980 च्या दशकातली. तेव्हा त्याचं नाव नुसतं मराठवाडा कृषी विद्यापीठ होतं, वसंतराव नाईकांचं नाव त्याला 2013 मध्ये लागलं. पानं पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगाला ही जात दाद देईना, म्हणून देशभर गेली. एवढा इतिहास सांगता येतो, भाषणाला बरं पडतं. पण भेंडी चिरताना बुळबुळीत होते. कोरडी पुसून, कोरड्या विळीवर चिरावी आणि परतताना आंबट काही घालावं, म्हणजे तार सुटत नाही. हे मला माहीत होतं. ऑफिसचा नॅपकिन मात्र ओला होता. त्या दिवशी त्या टेबलावर सही झालेल्या दोन नस्ती आजही उघडताना किंचित आवाज करतात.

भुरका तर विचारातही आणू नका. लाल तिखटावर लसणाचं कडकडीत तेल ओतायचं, एका मिनिटाचं काम, मराठवाड्याची शान, सगळं कबूल. पण बंद खोलीत तो ठसका उठला की खोकणाऱ्यांत पहिले साहेब असतात आणि गोपनीय अहवाल तेच लिहितात.

धपाटे बरेच जवळ येतात. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी कणीक, लसूण-मिरचीचं वाटण, तीळ, ओवा, कोथिंबीर, आणि भिजवायला दही. ओल्या फडक्यावर थापायचं, फडक्यासकट उचलून तव्यावर पालथं घालायचं आणि फडकं हळूच सोडवून घ्यायचं. बघायला छान. फडकं सोडवताना सगळे श्वास रोखतात. फक्त अडचण अशी की 8 मिनिटांत होतात 3 आणि बघणारे असतात 24. तिसऱ्या धपाट्याचे आठ तुकडे करताना तुमच्या लक्षात येतं की हे प्रात्यक्षिक राहिलेलं नाही, हा प्रसाद झाला आहे.

म्हणून शेवटी सगळे अनुभवी लोक सुशीलावर येतात. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, ही बाई नव्हे, हा मुरमुऱ्यांचा पदार्थ आहे. आमच्याकडे फलकावर 'बुधवारी दु. 1.15 वा. सुशीला, सर्वांनी उपस्थित राहावे' अशी नोटीस लागली, तेव्हा नुकतेच मुंबईहून बदलून आलेले एक अधिकारी आस्थापना शाखेत जाऊन, ह्या बाई कोणत्या विभागातून येणार आहेत, असं विचारून आले होते. त्यांच्यासाठी गुलाबाचं एक फूल जादा मागवलं गेलं.

कृती सोपी आहे, फक्त एक जागा अवघड. मुरमुरे पाण्यात टाकायचे, बुडवायचे आणि काढायचे. बस. तुम्ही म्हणाल, किती वेळ? इथे सगळं शास्त्र आहे. मुरमुरा आतून पोकळ, फुगलेला असतो, पाणी सगळीकडून एकदम आत शिरतं. पोह्यांसारखा त्याला वेळ दिला की त्याचा लगदा होतो. ओंजळीने पाण्यात दाबा आणि तिथेच हलक्या हाताने पिळून काढा. पावसाळ्यात मुरमुरे आधीच सादळलेले असतात, तेव्हा नुसता पाण्याचा हबका पुरतो. ह्या क्षणी साहेबांनी प्रश्न विचारला तरी वर बघू नका. 'एक मिनिट, सर' म्हणण्यात जे पाच सेकंद जातात तेवढ्यात सुशीलाची खीर होते.

बाकीचं घरून आणा. कांदा चिरलेला, मिरच्या चिरलेल्या, दाणे भाजलेले, डाळव्याचं कूट डबीत. तेल तापलं की मोहरी, जिरं, कढीपत्ता, मिरची, दाणे, कांदा, हळद. कांदा मऊ झाला की मुरमुरे, मीठ, चिमटीभर साखर, वरून डाळव्याचं कूट, म्हणजे उरलंसुरलं पाणी ते शोषून घेतं आणि मुरमुरे मोकळे राहतात. कोथिंबीर, लिंबू. सहा मिनिटं. टीव्हीवरचे लोक करतात ती एक गोष्टही करा: घरी करून आणलेला मोठा डबा टेबलाखाली ठेवा. कढईतलं कॅमेऱ्यासाठी, डब्यातलं माणसांसाठी.

मध्येच कुणीतरी वही उघडून 'प्रमाण सांगा' म्हणेल. तुमच्या आईने प्रमाण कधी सांगितलं नाही, तिने 'बघून घाल' सांगितलं. कमलाबाई ओगल्यांनी 1970 मध्ये 'रुचिरा'त वाटी-चमच्याचं माप धरलं आणि महाराष्ट्रातल्या लाखो नवशिक्यांची सुटका केली. तेव्हा तुम्हीही ठामपणे 'चार वाट्या मुरमुरे, दोन चमचे तेल' असं काहीतरी सांगा. कागदावर आकडा लागतो. घरी जाऊन ते बघूनच घालणार आहेत.

आणि टीकेची तयारी ठेवा. गंगाखेडचे म्हणतील, आमच्याकडे ह्यात दाणे जास्त असतात. जिंतूरचे म्हणतील, साखर कशाला? सेलूचे एक गृहस्थ काहीच बोलत नाहीत, फक्त चमचा खाली ठेवतात. कुणाशी वाद घालू नका. बिघडलंच तर 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे वाक्य तयार ठेवा. ते हसत म्हटलं की गावाचा अभिमान वाटतो आणि चूक तुमची राहत नाही, गावाची होते.

दोनला दहा कमी असतात तेव्हा सगळे 'मस्त झालं' म्हणतात, फोटो होतो, आणि मग एक माणूस अगदी सहज विचारतो, 'बरं, जेवायला काय आहे?' कारण मुरमुऱ्याने भूक भागत नाही, ती जागी होते. तुम्ही जेवणाचा पदार्थ दाखवायचा होता आणि तुम्ही नाष्टा दाखवला, हे एव्हाना तुमच्याही ध्यानात आलेलं असतं. खुर्च्या सरकतात, ज्याच्या त्याच्या टेबलावर डबे उघडतात. ज्वारीची भाकरी, पिठलं, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, एकात तर चक्क धपाटे. तुम्ही सकाळी साडेपाचला उठून कांदे चिरले, दाणे भाजले, कूट केलं, तुमचा स्वतःचा डबा मात्र करायचा राहिला आहे. शिपाई मावशी अर्धी भाकरी आणि ठेचा तुमच्यापुढे सरकवतात. 'खाऊन घ्या मॅडम, कढई मग घासा.'