पाचोळ्याचे सावकार

नानांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या पैशाकडे, प्लॉटकडे किंवा प्रमोशनकडे हावरट नजरेनं पाहिलं नाही. पण समोरच्या बंगल्यातल्या देशी बदामाखाली पडलेल्या पानांकडे ते ज्या नजरेनं बघतात, ती पाहून बंगल्याच्या मालकांनी फाटकाला कुलूप घातलं आहे. थंडी सरताना त्या झाडाची पानं लालभडक होऊन टपाटपा गळायला लागली की नाना सकाळचं फिरणं सोडून कुंपणाशी उभे राहतात. बगलेत रिकामं पोतं असतं. कुणी हटकलंच तर म्हणतात, "काही नाही, ऊन खातोय."

असे नाना हल्ली पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत सापडतात. पूर्वाश्रमी ते पाटबंधारे खात्यात असतात, बँकेत असतात किंवा ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असतात. यातला शेवटचा प्रकार जरा जपून हाताळावा लागतो. निवृत्तीनंतरचा पहिला काळ सोसायटीचे हिशेब तपासण्यात जातो, त्यानंतरचा स्वतःचे गुडघे तपासून घेण्यात. मग एका रविवारी कुणाच्या तरी आग्रहाखातर ते गच्चीवरच्या बागेची कार्यशाळा करायला जातात आणि संध्याकाळी परततात ते दीक्षा घेऊनच. येताना स्कूटरच्या पायाशी रसवंतीवरून आणलेल्या उसाच्या चिपाडांचं पोतं असतं. काकू दार उघडतात, पोत्याकडे बघतात आणि त्यांना कळून चुकतं की आता हे असंच चालायचं.

नोकरीत असेपर्यंत घरातली कचऱ्याची बादली कुठे ठेवलेली असते हे नानांना ठाऊक नव्हतं. आता काकू भाजी चिरायला बसल्या की नाना समोर स्टूल टाकून बसतात. दोडक्याचं साल पडलं की उचललं, मटारचं टरफल पडलं की उचललं. "अहो, देठ नेलेत, पानं नेलीत, आता फ्लॉवर तरी ठेवा," असं काकूंना म्हणावं लागतं. चहाचा चोथा तर त्या गाळण्यातून बाहेर पडायच्या आत हातोहात जातो. घरात पाहुणे जास्त आले की नानांना आनंद होतो, कारण चोथा वाढतो.

स्वतःच्या घरचं पुरेना तेव्हा त्यांनी सबंध इमारतीचा ओला कचरा मागून घ्यायला सुरुवात केली. लोकांनी तो आनंदानं दिला. आपण काय देऊन बसलो हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं. बादलीइतकं खरं बोलणारं घरात दुसरं काही नसतं. 'आम्ही बाहेरचं खातच नाही' म्हणणाऱ्यांकडून बिर्याणीतली वेलची-तमालपत्रं येतात. डायबेटिसचं पथ्य चालू असलेल्या जोशीबुवांच्या बादलीत हापूसच्या कोयी निघतात, आणि त्याही अगदी चोखून पांढऱ्या केलेल्या. भर श्रावणात दुसऱ्या मजल्यावरून कांद्याची सालं आली तेव्हा नाना कुणाला काही बोलले नाहीत. फक्त त्या घरच्या आजी जिन्यात भेटल्यावर "बाकी, उपास कसे चाललेत?" एवढं विचारून पुढे गेले.

चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहणारी आयटीतली मुलं मात्र त्यांची लाडकी. ती अंडी खातात. टरफलात कॅल्शियम असतं आणि नानांना ते हवंच असतं, पण काकूंच्या घरात अंड्याचं नाव निघत नाही. तेव्हा हा व्यवहार रात्री दहानंतर जिन्याच्या वळणावर होतो. मुलगा इकडेतिकडे बघत वर्तमानपत्राची पुडी पुढे करतो, नाना ती सदऱ्याच्या खिशात टाकतात. कुणी लांबून पाहिलं तर पोलिसांना फोन करील असा सगळा प्रकार.

आता शास्त्राकडे वळू, कारण नाना वळल्याशिवाय राहत नाहीत. कुजण्याला कर्ब आणि नत्र दोन्ही लागतात. वाळक्या पानांत कर्ब जास्त, भाजीच्या सालांत नत्र जास्त. साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असं प्रमाण जमलं की ढीग मुकाट कुजतो. नत्र जास्त झालं, ओल वाढली की नाकाला रुमाल. म्हणजे वास येतोय त्यावर फिनेल ओतायचं नसतं, मूठभर पाचोळा घालून ढीग खालीवर करायचा असतो. पत्रिका जुळवणारे गुरुजी ज्या गांभीर्यानं छत्तीसातले किती गुण जमले ते सांगतात, त्याच गांभीर्यानं नाना एखाद्या वहिनींना लिफ्टमध्ये गाठून सांगतात, "तुमच्याकडे नत्र फार झालंय." वहिनी त्या दिवशी घरी जाऊन रक्ताची तपासणी करून घ्यायची का असं विचारतात.

चांगला जमलेला ढीग आतून तापतो. जिवाणूंच्या कामानं पंचावन्न-साठ अंश सेल्सिअसपर्यंत सहज जातो. तणाचं बी आणि रोगजंतू त्यातच मरतात. पहिल्यांदा ढीग तापला तेव्हा नानांनी आत हात घालून पाहिला, चटका बसला, आणि आनंदानं त्यांचा चेहरा उजळला. पण रसायनशास्त्राच्या माणसाला आकडा लागतो. त्यांनी देवघराशेजारच्या कपाटातून ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर आणला आणि ढिगात खुपसला. तो बिचारा माणसांसाठी बनवलेला, बेचाळीसच्या पुढे त्याची मजल नाही. त्यानं दोनदा 'पीं' केलं आणि काचेवर इंग्रजीत 'हाय' अशी अक्षरं उमटली. नाना उकिडवे बसून बराच वेळ ती अक्षरं बघत होते. नंतर त्यांनी ती खाली येऊन सगळ्यांना दाखवली. त्या आठवड्यात नातवाला कणकण आली, तेव्हा तो थर्मामीटर तोंडात धरायला त्यानं साफ नकार दिला आणि अंगात ताप असताना गच्चीपर्यंत पळाला.

गच्चीवरच्या ड्रमांनी भागेना म्हणून नानांनी नाडेप टाकीचा ठराव मांडला. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली, त्यांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं, आणि ते स्वतः 'नाडेप काका' म्हणून ओळखले गेले. विटांची 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच टाकी, भिंतींत हवेसाठी मुद्दाम सोडलेली भोकं, आत पालापाचोळा, शेणकाला आणि माती यांचे थर, वरून लिंपण. तीन-चार महिन्यांत खत तयार. थोड्या शेणात भरपूर खत, ही त्यातली खुबी. वार्षिक सर्वसाधारण सभेत नानांनी हे सगळं सांगितलं. त्याआधी इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं इथल्या शेतकऱ्यांना आपले गुरू मानून इंदूर पद्धत कशी बसवली आणि 1931 साली त्यावर पुस्तक कसं लिहिलं, हेही सांगितलं. डार्विननं 1881 साली गांडुळांवर सबंध ग्रंथ लिहिला, इथवर आले तेव्हा सभेतले निम्मे लोक वडा-सांबाराच्या टेबलाकडे सरकले होते. उरलेल्यांपैकी एकानं विचारलं, "ते ठीक आहे, पण 10 बाय 6 म्हणजे कुणाच्या पार्किंगमध्ये?"

ठराव तिथेच कोसळला असता. वासाचा मुद्दा निघाला, डासांचा निघाला, सापांचाही निघाला. मग खजिनदारांनी चष्मा पुसत सांगितलं की जागेवरच खत करणाऱ्यांना महापालिका सर्वसाधारण करात 5 टक्के सवलत देते. सभेत क्षणभर शांतता पसरली आणि वास गेला. पंपघराच्या मागची जागा एकमतानं मंजूर झाली. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या दारात पुण्याचा कचरा नको म्हणून किती वर्षं आंदोलनं केली, तेही नाना सांगणार होते. त्यांचं टिपण तयार होतं. पण आता त्याची कुणाला गरज उरली नव्हती.

एवढ्या सगळ्याच्या मुळाशी नानांचा एक वैरी आहे. प्रत्येक नानांना असतो. बंगलेवाले भाऊसाहेब रोज सकाळी सहाला पानं खराट्यानं गोळा करवून घेतात, त्यावर जुनी वर्तमानपत्रं आणि एखादी दुधाची पिशवी टाकतात आणि काडी लावतात. धूर सरळ नानांच्या गॅलरीत येतो. नाना खोकत खाली उतरतात. पण धुरानं छातीत जेवढं दुखतं त्याहून जास्त आत कुठेतरी दुखत असतं. समोर त्यांचा कर्ब जळत असतो.

"धुरानं डास जातात हो," भाऊसाहेब म्हणतात.

"डास जात नाहीत. ते आमच्याकडे येतात, धुराच्या पुढे."

"आणि राख म्हणजे खतच की!"

"राखेत पालाश उरतं, कबूल. नत्र कुठे गेलं?"

"कुठे?"

"वर! आणि त्या पिशवीचं काय गेलंय ते विचारूच नका."

भाऊसाहेब मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांचं शेवटचं अस्त्र ठरलेलं असतं: "आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राब भाजतात, काय बिघडलं?" यावर नाना खरोखर खूश होतात, कारण उत्तर पाठ आहे. राब भाजतात तो भाताच्या रोपांसाठी, पावसाच्या तोंडावर, तरव्याच्या जागेवर. तणाचं बी जळावं आणि रोपं जोमानं यावीत म्हणून. "तुमच्या फाटकाशी कुठला भात लावताय, भाऊसाहेब?" शिवाय राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, साध्या जाळण्याला 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये दंड. ती बातमी नानांनी लॅमिनेट करून घेतली आहे आणि फिरायला जाताना ती आधार कार्डाबरोबर खिशात असते. या भांडणात मी नानांच्या बाजूचा आहे, हे सांगून टाकतो. फक्त त्यांच्यासमोर कबूल करत नाही, कारण मग पोतं धरायला माणूस लागतो.

त्यांचा खरा हंगाम मात्र गणपतीचा. विसर्जनाच्या हौदाशी नाना निर्माल्याचा ड्रम लावून उभे असतात. आरती चालू असते, लोक हात जोडतात, नानांचे हात हारात. जरीचा दोरा वेगळा, थर्माकोल वेगळा, दुर्वा-पत्री आत. एका मखरातून प्लास्टिकची फुलं निघाली तेव्हा "अरे, देवाला तरी खरं द्या" असं ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की 'पुढच्या वर्षी लवकर या' मध्येच थांबलं.

नानांकडे गेलात तर चहाच्या आधी वाटी येते. तीत काळंभोर, भुसभुशीत, चाळून घेतलेलं खत. "घ्या, वास घ्या." घ्यावाच लागतो. आणि खरं सांगायचं तर तो पहिल्या पावसाचा वास असतो; मातीतले जे जिवाणू तो गंध तयार करतात तेच पक्क्या खतातही असतात. हे माहीत नसलेल्या एका व्याह्यांनी मुखवास समजून चिमूट उचलली होती. काकू धावल्या म्हणून बरं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं खत म्हणजे नानांची बाग काय बहरली असेल! मीही असंच समजून गॅलरीत डोकावलो. तिथे एक तुळस आहे, तीही काकूंची, आणि एक कोरफड, जिला कुणी काही केलं नाही तरी ती जगते. नानांना बागेत रस नाही. बी पेरा, पाणी घाला, फुलं येण्याची वाट बघा, हे सगळं त्यांना किरकोळ वाटतं. मागच्या वर्षी ड्रममध्ये आपोआप भोपळ्याचा वेल उगवला, तर त्यांनी तो उपटून पुन्हा ढिगात घातला. खत झाडाला घालायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं. "अजून थोडं मुरू दे," म्हणतात. बंद पोत्यांवर तारखा घातल्या आहेत, आणि '2022 दिवाळी' या पोत्याला काकूसुद्धा हात लावत नाहीत.

तरी जागा संपतेच. मग नाना वाटप करतात. मुंज असो, वास्तुशांत असो, साठीशांत असो, नानांकडून आहेर ठरलेला: किलोभर खत, कापडी पिशवीत, वर लाल फीत. लोक तोंडभरून आभार मानतात आणि घरी येऊन एकमेकांकडे बघतात. वन बीएचकेत खत ठेवायचं कुठे? सुक्या कचऱ्यात टाकवत नाही, गटारात टाकलं तर पाप. शेवटी कुणाला तरी सुचतं की ही वस्तू नियमाप्रमाणे ओला कचरा आहे. सोमवारी सकाळी ती पिशवीतून निघून बादलीत जाते आणि बादली नानांच्या दारात.

परवा मी पंपघरामागे गेलो तर नाना एका बादलीवर वाकले होते. मूठभर काढून त्यांनी बोटांत चुरलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले.

"तिसऱ्या मजल्यावरून आलंय," ते हळूच म्हणाले. "गुपचूप घरीच करायला लागलेत वाटतं. पहिल्या प्रयत्नाच्या मानानं बरं आहे. पण चाळण जरा जाड वापरलीय. आणि अजून महिनाभर मुरायला हवं होतं."

एवढं बोलून त्यांनी ते ढिगावर पसरलं आणि वरून पाचोळा घातला.