तहहयात निःपक्षपात

अमेरिकेच्या राज्यघटनेतील तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे संघराज्याच्या न्यायाधीशांचे पद ‘वर्तणूक चांगली असेपर्यंत’, म्हणजे व्यवहारात तहहयात, टिकते. सर्वोच्च न्यायालयाच्या इतिहासात महाभियोग, म्हणजे संसदेने चालवलेला पदच्युतीचा खटला, केवळ सॅम्युअल चेस यांच्यावर भरला गेला आणि १८०५ मध्ये तेही निर्दोष सुटले. त्यावरून तेथील वर्तणूक तेव्हापासून अखंड चांगली आहे, हे शाबीत होते.

या तरतुदीमागील तर्क अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्येच मांडला होता. नेमणूक राष्ट्राध्यक्षाने करावी, तिला सिनेट या वरिष्ठ सभागृहाने संमती द्यावी, परंतु त्यानंतर न्यायाधीशाला कोणाचीही मर्जी राखावी लागू नये, असा त्याचा आशय आहे. त्यात पायउतार होण्याचा मुहूर्त मात्र न्यायमूर्तींच्याच हाती राहिला. रिपब्लिकन रेगन यांनी नेमलेले अँथनी केनेडी २०१८ मध्ये रिपब्लिकन ट्रम्प यांच्या कारकिर्दीत निवृत्त झाले, तर डेमोक्रॅट क्लिंटन यांनी नेमलेले स्टीफन ब्रेयर २०२२ मध्ये डेमोक्रॅट बायडेन यांच्या कारकिर्दीत. दोघांच्याही जागी त्यांच्याच हाताखाली पूर्वी काम केलेले विधी-सहायक आले, हा योगायोग निःपक्षपातीपणाला साजेसाच म्हणावा लागेल.

ज्यांना हा मुहूर्त साधत नाही, त्यांच्यासाठी सिनेटकडे तत्त्वे असतात. २०१६ च्या फेब्रुवारीत अँटोनिन स्कालिया यांचे निधन झाले, तेव्हा निवडणुकीच्या वर्षी जनतेचा कौल येऊ द्यावा, या तत्त्वापोटी रिपब्लिकन बहुमताने ओबामांचे उमेदवार मेरिक गारलंड यांची साधी सुनावणीही घेतली नाही. २०२० च्या सप्टेंबरात रूथ बेडर गिन्सबर्ग निवर्तल्या, तेव्हा मतदानाला आठ दिवस उरले असताना त्याच बहुमताने एमी कोनी बॅरेट यांना ५२ विरुद्ध ४८ मतांनी संमती दिली, कारण तोवर तत्त्वाचीच मुदत संपली होती; तहहयात नेमणूक न्यायमूर्तींची असते, तत्त्वांची नव्हे.

आता काही सुधारक अठरा वर्षांची मुदत सुचवतात. तसे झाल्यास नऊ जागांपैकी एक दर दोन वर्षांनी आपोआप रिकामी होईल आणि प्रत्येक राष्ट्राध्यक्षाला चार वर्षांत दोन नेमणुका मिळतील. या योजनेतील दोष उघड आहे: आपला वारस कोणत्या पक्षाने नेमावा, हा ज्यावर कोठेही अपील चालत नाही असा अखेरचा निकाल न्यायमूर्तींच्या हातून जाईल, आणि उभे आयुष्य निःपक्षपाती राहिलेल्या व्यक्तीला निरोपाच्या दिवशी तरी एखादा पक्ष घेऊ न देणे निर्दयपणाचे ठरेल.