कावळा बसला, वायफाय आलं

माझा लॅपटॉप २०१४ सालचा. बिजागरी सैल झाली आहे, एन्टरचं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही, पण एकंदरीत स्वभावानं गरीब. तो एके दिवशी दुपारी, ऐन मीटिंगमध्ये मी तोंड उघडताक्षणी रुसला. समोरचे सहा चेहरे होते तिथेच थिजले. आधी वाटलं, माझ्या बोलण्याचाच परिणाम असावा. मग खाली कोपऱ्यात वायफायच्या खुणेवर पिवळा त्रिकोण दिसला.

बायकोचा मोबाईल चालू होता. हॉलमध्ये अप्पांचं मोबाईलवरचं कीर्तनही अखंड चालू होतं. म्हणजे खोट लॅपटॉपातच, असं सगळ्या घरानं एकमतानं ठरवून टाकलं. आमच्या घरात एकमत होणं ही त्या दिवसातली दुसरी नवलाची गोष्ट.

मी लॅपटॉप बंद करून चालू केला. त्याला ते पुराण उरकायला पाच-सहा मिनिटं लागतात. चालू झाला तो वायफायसकट. झाला की बरा, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता पुन्हा तेच. यावेळी भाच्याला फोन लावला. तो नुकताच इंजिनिअर झालाय, त्यामुळे अजून फोन उचलतो. म्हणाला, "मामा, ते नेटवर्क 'फर्गेट' करा आणि परत जोडा." मी विसरलो. परत ओळख करून घ्यायला पासवर्ड हवा. पासवर्ड राउटरच्या पोटावर चिकटवलेला, आणि राउटर फ्रिजवर, कारण रिकामा प्लग काय तो तिथेच. स्टुलावर चढून, चष्मा कपाळावर सारून ती सोळा अक्षरं मी मोठ्यानं वाचली आणि बायकोनं टाइप केली. तेवढ्यात यादीतली शेजारपाजारची वायफायं मात्र दिसली: 'पासवर्ड मागू नये', 'देव पाहतो आहे' आणि एक नुसतंच 'घ्या'. 'घ्या'लाही कुलूप होतं. असो. सोळावं अक्षर टाकलं आणि वायफाय आलं. भाचा म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

तिसऱ्या दिवशी त्यानंच ड्रायव्हर काढून नवा घालायला सांगितला. जुना काढला. नवा कुठून घेऊ? "नेटवरून," तो म्हणाला. दोघेही थोडा वेळ गप्प बसलो. शेवटी मोबाईलवर उतरवून केबलनं इकडे आणला, आणि वायफाय आलं. चौथ्या दिवशी इंटरनेटवाल्यांच्या ताईंनी राउटर बंद करून तीस सेकंद थांबायला सांगितलं. थांबलो. आलं. पाचव्या दिवशी अप्पा उठले. म्हणाले, "आमच्या वेळी टीव्ही असाच करायचा," आणि लॅपटॉपच्या पाठीत एक सणसणीत चापट ठेवून दिली.

वायफाय आलं.

त्या आठवड्यात आमच्या घरात चार यशस्वी डॉक्टर होते आणि रोगी रोज दीड वाजता मरत होता. प्रत्येकाला आपापलं औषध लागू पडल्याची खात्री. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, तर त्याला काकतालीय न्याय म्हणतात, हे मला शाळेपासून पाठ आहे. पण आपणच कावळा असलो की आपलं वजन भरल्यासारखं वाटतं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

अप्पा टपाल खात्यातून निवृत्त झालेत. कुठलीही घटना नोंदल्याशिवाय घडली असं ते मानत नाहीत. रक्तदाबाच्या वहीत त्यांनी लॅपटॉपासाठी वेगळा रकाना आखला. '१.३१ वायफाय गेले. १.३८ आले. मुलाची चिडचिड मध्यम.' अशा महिनाभराच्या नोंदी. एका संध्याकाळी वही चाळताना ते म्हणाले, "एक गंमत आहे. एकादशीला जात नाही."

महिन्यातल्या दोन्ही एकादश्यांपुढे खरोखरच रेघ होती. आईनं तिथल्या तिथे हात जोडले. मला पांडुरंगाच्या सामर्थ्याबद्दल शंका नाही, पण तो राउटरात लक्ष घालेल असं वाटेना. मग एकादशीला आमच्याकडे वेगळं काय होतं? उपास एकट्या अप्पांचा; खिचडी मात्र सगळ्यांनाच हवी असते. आणि खिचडी आई गॅसवर करते, ताजी, आयत्या वेळी. एरवी सकाळचा स्वयंपाक दीडला मायक्रोवेव्हमध्ये गरम होतो. एकदम नाही हं. आधी आमटी, मग भाजी, मग भात, कारण एकाचा वास दुसऱ्याला लागतो. सगळं मिळून सहा-सात मिनिटं.

मी ताबडतोब कपभर पाणी आत ठेवलं, बटण दाबलं आणि लॅपटॉपाकडे पळालो. पिवळा त्रिकोण! मागे 'टिंग' वाजलं, आणि त्रिकोण गेला.

मग वाचलं तेव्हा कळलं, की जुन्या लॅपटॉपांचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतं आणि मायक्रोवेव्हच्या लहरी २.४५च्या. नवे मोबाईल गुमान ५ गिगाहर्ट्झवर निघून जातात, म्हणून त्यांना झळ लागत नाही. राउटरची ताकद जेमतेम दशांश वॅट. मायक्रोवेव्ह साताठशे वॅटचा. त्याच्या दारातून निसटणारा अंश माणसाला बाधत नाही, पण राउटरच्या कुजबुजीपुढे ती ढोलपथकाची मिरवणूकच, सेकंदाला पन्नास ठोके. आणि आमचा राउटर त्या मिरवणुकीला हातभरावरून, फ्रिजवर बसून, तोंड देत होता.

"पण हा पट्टा सरकारनं दोघांना कसा दिला?" अप्पांचा खात्याचा प्रश्न. सांगितलं, की हा पट्टा भारतात २००५ पासून विनापरवाना आहे. त्यांनी वही मिटली. एकेकाळी साध्या रेडिओलाही पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं, आणि अप्पा त्या खिडकीमागचे. "लायसन्स नाही ना? मग असंच होणार."

मला मात्र दिलासा मिळाला तो ऑस्ट्रेलियातून. तिथल्या पार्क्सला ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. १९९८ पासून तिला अधूनमधून विचित्र संकेत मिळत. शास्त्रज्ञांनी त्यांना 'पेरिटॉन' असं भारदस्त नाव दिलं, ते आकाशातले की पृथ्वीवरचे यावर डोकेफोड केली. २०१५ मध्ये छडा लागला. कुणीतरी जेवण गरम व्हायच्या आधीच घाईनं मायक्रोवेव्हचं दार उघडत होतं. मजा पुढेच आहे. ही दुर्बीण ज्या सरकारी संशोधन संस्थेची, त्याच संस्थेनं भिंतींवर आपटून येणाऱ्या लहरींतून वायफाय स्वच्छ काढायची युक्ती शोधली, आणि त्यामागचं गणित आलं ते कृष्णविवरांचे संकेत धुंडाळताना. ज्यांनी वायफाय मार्गी लावलं, त्यांनाही सतरा वर्षं कुणाची तरी आमटी चकवत होती. मी महिन्याभरात सुटलो.

उपाय सोपा होता. पाचशे-सातशे रुपयांचं पाच गिगाहर्ट्झचं डाँगल आणायचं, नाहीतर राउटर फ्रिजवरून हलवायचा. यातलं काहीच मी केलेलं नाही. आईनं दीडच्या आधी हाक मारायची, एवढंच ठरलं आहे. "अरे, आमटी ठेवू का?" ही हाक आता मीटिंगमधल्या सहाही जणांना पाठ झालीये. परवा एका मल्याळी सहकाऱ्यानं स्वच्छ मराठीत विचारलं, "आमटी ठेवली?"

काल साहेबांनी नव्या वर्षाच्या उद्दिष्टांची अठ्ठेचाळीस पानं दाखवायला घेतली. सातव्या पानावर त्यांनी माझं नाव घेतलं. मी माइक बंद करून आत वळलो.

"आई, जरा मायक्रोवेव्ह लाव ना."

"अरे, आज एकादशी! खिचडी गॅसवर आहे."

"नुसतं पाणी ठेव. चांगली चार मिनिटं."