प्रँकसम्राटांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री प्रँकसम्राट यांसी,
सा. न. वि. वि.

आपला ताजा व्हिडिओ पाहिला आणि धन्य झालो. रस्त्याकडेला मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या आजीची टोपली आपण उचलून पळालात. ती 'अरे मेल्या, थांब' म्हणत अनवाणी धावली, ठेचकाळली, आणि पडद्यावर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे पिवळे चेहरे नाचले. मग आपण परतलात, 'आजी, प्रँक होता, तो बघा कॅमेरा' म्हणालात आणि पाचशेची नोट तिच्या हातात कोंबलीत. मागे लगेच बासरी सुरू. दोन मिनिटांत चोरही आपण आणि दातेही आपणच! आजीने पदराने डोळे टिपले ते आनंदाने, असे खाली आपणच लिहून टाकलेत. तिला विचारण्याचा त्रास वाचला.

आपल्या निवडीचे मला विशेष कौतुक वाटते. भाजीवाली, वॉचमन, रिक्षावाला, जेवणाचे पार्सल घेऊन धावणारा पोरगा. पोलीस निरीक्षकाची टोपी पळवताना किंवा बिल्डरच्या गाडीची हवा सोडताना आपण कधी दिसला नाहीत. समोरचा उलटून काय करू शकेल, याचा हिशेब झाल्याशिवाय आपली विनोदबुद्धी जागीच होत नाही. याला म्हणतात व्यवहारज्ञान.

आपले पूर्वज या बाबतीत फारच कच्चे होते. तमाशातला सोंगाडा भर वगात राजाची आणि प्रधानाची अब्रू काढायचा. १९६५ साली आलेल्या 'विच्छा माझी पुरी करा'त वसंत सबनीसांनी हाच बाज उचलून राज्यकर्त्यांची टर उडवली. चिं. वि. जोशींचा चिमणराव तर स्वतःचीच फजिती स्वतःच्या तोंडाने सांगत बसला. बिचाऱ्यांना कळलेच नाही, की हसू फुकटात मिळवायचे तर दुसऱ्याच्या खिशातून मिळवावे, आणि तो खिसा आधीच फाटका असला तर उत्तम.

लोकांना हल्ली विनोदच कळत नाही, अशी आपली तक्रार असते. तिच्यात तथ्य आहे. व्यंगचित्र पाहून मोर्चा काढणारे आणि एका कोटीवरून फिर्याद ठोकणारे या राज्यात कमी नाहीत, आणि मी त्यांचा वकील नाही. पण भावना दुखावल्या म्हणून पोलीस ठाणे गाठायला वेळ, वकील आणि चार कार्यकर्ते लागतात. आजीकडे यातले काही नाही, म्हणून तर आपण तिच्याकडे गेलात. वर तिचाच दाखला देऊन आपण अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे हुतात्मे होऊ पाहता, ही मात्र कमाल झाली.

नोव्हेंबर २०१९मध्ये बंगळुरूच्या यशवंतपूर भागात आपल्या काही गुरुबंधूंनी रात्री भुताची सोंगे घेऊन रिक्षावाल्यांना अडवले. पोलिसांनी सात जणांना पकडले. बघा, भुताला न घाबरणारेही कुणी निघतात. त्याच वर्षाच्या जानेवारीत यूट्यूबनेही जाहीर केले, की समोरच्याला जिवाची भीती वाटेल असे प्रँक चालणार नाहीत. आपले मायबापच असे उलटले, तर कलावंताने जावे कुठे?

एका प्रसंगापाशी मात्र मला उपरोध सुचत नाही. डिसेंबर २०१२मध्ये सिडनीच्या एका रेडिओ केंद्राच्या दोन निवेदकांनी राणी आणि राजपुत्र चार्ल्स यांचे आवाज काढून लंडनच्या रुग्णालयात फोन लावला. राणीची गरोदर नातसून केट तिथे दाखल होती. एका भारतीय परिचारिकेने विश्वासाने तो पुढे जोडून दिला. ध्वनिमुद्रण जगभर वाजले, आणि तीन दिवसांनी ती मृतावस्थेत सापडली. तिने आत्महत्या केली होती. पलीकडून फोन लगेच आपटला जाईल असे वाटले होते, असे निवेदकांनी नंतर रडत सांगितले. ते खरेच बोलत असतील. समोरचा माणूस त्या दिवशी काय ओझे घेऊन उभा आहे, हे गंमत करणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. म्हणून तर अनोळखी माणसाशी आधी नीट वागायचे असते.

तेव्हा एक लहानशी विनंती. पुढचा व्हिडिओ चढवण्याआधी तो ज्याच्यावर बेतला आहे त्याला दाखवा. कॅमेरा बंद, बासरी बंद, पाचशेची नोट खिशातच. तो मनापासून हसला तर खुशाल चढवा आणि जाहिरातीच्या पैशातला अर्धा वाटा त्याला द्या. शेवटी अभिनय त्याचाच आहे. नाही हसला, तर व्हिडिओ पुसा आणि त्याच्या टोपलीतली मेथी रोख पैसे देऊन विकत घ्या. घासाघीस न करता.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
सबस्क्राइब न केलेला एक प्रेक्षक